दहशतवादविरोधी युद्धं आणि सरकारी व्हर्जनची उलटतपासणी

दहशतवादाविरुद्ध युद्ध चालू असताना सरकार, लष्कर आणि गुप्तचर खाती जे सांगतात, म्हणजे शत्रू कोण, पुरावा काय, मेले किती, आपण जिंकतोय का, ते जसंच्या तसं न गिळता कागदपत्रं, साक्षी आणि फोटोंशी ताडून बघणं, असा या उलटतपासणीचा साधा अर्थ. हे पत्रकार करतात, लोकप्रतिनिधी करतात, कधीकधी खुद्द सरकारी नोकरच करतात. तसं हे काम प्रत्येक युद्धात लागतं, पण इथे जरा जास्तच, कारण शत्रूला गणवेश नाही, युद्धाला ठरलेली सीमा नाही आणि पुरावा मागितला की "गोपनीय आहे" हे उत्तर तयारच असतं.

आज हा विषय निघाला की बोलणं बहुतेक वेळा 11 सप्टेंबर 2001 नंतरच्या अमेरिकेवर येतं. हल्ल्यानंतर तीनच दिवसांत राष्ट्राध्यक्षांना लष्करी बळ वापरायची मोकळीक देणारा ठराव पास झाला, प्रतिनिधीगृहात 420 विरुद्ध 1. तो एक नकार खासदार बार्बरा ली यांचा, आणि त्यापायी त्यांना जीवे मारायच्या धमक्या आल्या. वातावरण कसं होतं ते यावरून कळावं.

सगळ्यात गाजलेलं प्रकरण अर्थात इराकचं. 5 फेब्रुवारी 2003 ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत इराकच्या जैविक अस्त्रांच्या फिरत्या लॅबबद्दल सांगितलं, चित्रंबित्रं दाखवून. त्यामागचा मुख्य माणूस म्हणजे "कर्व्हबॉल" या टोपणनावाचा एक इराकी, जो जर्मनीत आश्रयाला आलेला आणि तिथल्या गुप्तहेरांशी बोलत होता, म्हणजे अमेरिकेकडे त्याची गोष्ट ऐकीव म्हणूनच पोचत होती, तरी तिच्यावर युद्धाच्या समर्थनाची एवढी मोठी इमारत उभी राहिली. 2011 मध्ये त्याने स्वतःच सांगितलं की मी ते रचलं होतं. अस्त्रांचे साठे नव्हतेच, हे तर अमेरिकेच्या स्वतःच्या शोधपथकाने 2004 मध्येच लिहून दिलं. इराक युद्धातल्या ब्रिटनच्या सहभागाची चिलकॉट चौकशी मात्र 2009 ला सुरू होऊन 2016 ला संपली, तोवर निर्णय घेणारे कधीच खुर्चीवरून उतरले होते.

अफगाणिस्तानची गोष्ट वेगळी, तिथे खोटं एका भाषणात नव्हतं, वर्षानुवर्षं "प्रगती होतेय" असं सांगण्यात होतं. आतले अधिकारी खासगी मुलाखतींत काय म्हणत होते ते डिसेंबर 2019 मध्ये वॉशिंग्टन पोस्टने छापलं, तेही माहितीसाठी कोर्टात भांडून. मजा म्हणजे त्या मुलाखती सरकारी यंत्रणेनेच घेतलेल्या.

आता एक गोष्ट मिसळू नये. न्यूयॉर्कचे टॉवर सरकारनेच सुरुंग लावून पाडले वगैरे थिअऱ्या या उलटतपासणीत बसत नाहीत, कारण त्यात निष्कर्ष आधी ठरतो आणि पुरावा मागून शोधला जातो. उलट अशा लोकांमुळे खरे प्रश्न विचारणाऱ्यालाही "तू पण त्यातलाच" म्हणून उडवून लावता येतं.

मेलेल्यांची मोजदाद हा सगळ्यात अवघड भाग. ड्रोन हल्ल्यात मेलेला लढायच्या वयाचा पुरुष हा विरुद्ध पुरावा नसेल तर अतिरेकीच धरला जातो, असं अमेरिकेच्या हिशोबाबद्दल 2012 मध्ये छापून आलं होतं, आणि अशी पद्धत असेल तर आकडा आपोआपच स्वच्छ येणार ना. 29 ऑगस्ट 2021 ला काबूलमध्ये एका पांढऱ्या गाडीवर अमेरिकेच्या ड्रोनने हल्ला झाला, गाडीत स्फोटकं होती असं सांगितलं गेलं, सर्वोच्च लष्करी अधिकाऱ्याने तो योग्य हल्ला ठरवला. न्यूयॉर्क टाइम्सने कॅमेऱ्यांचं फुटेज जुळवून दाखवलं की गाडीवाला मदत संस्थेत काम करणारा होता आणि गाडीत पाण्याचे कॅन भरले होते. 17 सप्टेंबरला लष्कराने चूक मान्य केली. मेलेले 10, त्यातली 7 मुलं. दावा आणि कबुली यात फक्त 19 दिवस गेले, या विषयात एवढं लवकर क्वचितच होतं. डिसेंबरमध्ये जाहीर झालं की कुणावरही कारवाई होणार नाही.