मूकपटाचा शो ठरवताय? आधी स्पीडचं वाचा

नमस्कार. सोसायटीत, शाळेत, मंडळात नाहीतर घरच्या कार्यात जुन्या मूकपटाचा शो ठेवायचा म्हणून तुमचा फोन झालाय, तारीख ठरलीय, म्हणून हे पत्रक पाठवतोय. फोनवर सगळं सांगतोच, पण शोच्या दिवशी गडबडीत ते कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि मग ज्यांनी फोन केला ते वेगळे आणि लॅपटॉपपाशी बसलेले वेगळे असं होतं. तेव्हा हे तुमच्या ग्रुपवर टाका, आणि तुमचा साउंडवाला किंवा डेकोरेटर असेल त्याला तर नक्कीच पाठवा.

सगळे पहिल्यांदा विचारतात ते म्हणजे, पिक्चरला आवाजच नाही तर तासभर लोक बसतील का? बसतात. मूकपट त्या काळीही कधी शांततेत बघितला जात नव्हता हो. थिएटरात पडद्याजवळ पेटी-तबला वाजायचा, आणि ज्यांना वाचता यायचं नाही त्यांच्यासाठी पडद्यावरच्या पाट्या, म्हणजे मधेमधे येणारा संवादाचा-गोष्टीचा मजकूर, मोठ्यांदा वाचून सांगणारा माणूस असायचा. आम्ही तेच करतो. आमचे पेटीवाले काका आणि तबलजी पडद्याच्या डाव्या हाताला बसतात, आणि पाट्या मराठीतून वाचायला मी स्वतः असतो. राजा हरिश्चंद्रच्या पाट्या इंग्रजी-हिंदीत आहेत, त्यामुळे आजी-आजोबा आणि लहान मुलं दोघांनाही वाचून दाखवलेलं बरं पडतं. परदेशातही हल्ली हेच चालतं, १९२८ चा शिराज हा मूकपट लंडनमध्ये नीट करून २०१७ साली परत दाखवला तेव्हा त्याला अनुष्का शंकर यांनी नवीन संगीत केलं होतं. म्हणजे जुनं चित्र आणि समोर बसून वाजवणारी माणसं, ही गोष्ट आजच्या माणसालाही आवडते, आम्ही ती नाशिकमध्ये करतोय इतकंच.

आता मुद्द्याचं, स्पीडचं. नव्वद टक्के त्रास इथेच होतो म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळू नका.

त्या काळी कॅमेऱ्याला मोटर नसायची, हँडल हाताने फिरवायचे. साधारण हिशोब असा की सेकंदाला दोन फेरे, एका फेऱ्याला आठ फ्रेम (फिल्मवरची एकेक सुटी चित्रं), म्हणजे सेकंदाला १६ फ्रेम. पुढे बोलपट आले आणि आवाजाची पट्टी फिल्मवरच आली, मग स्पीड हलून चालेना, आवाज बिघडायचा, म्हणून सगळीकडे २४ ठरले. आता १६ ने घेतलेलं चित्र तुम्ही २४ ने लावलं तर ते दीडपट पळणार. माणसं तुरूतुरू चालतात, हात झटक्याने वर जातात, रडणारी बाई थरथरल्यासारखी दिसते, आणि लोक म्हणतात जुन्या पिक्चरमध्ये असंच असायचं. असं अजिबात नसायचं. फाळक्यांची माणसं तुमच्या-माझ्यासारखीच चालायची, पळवलंय ते नंतरच्या लोकांनी.

हिशोब सोपा आहे. ३५ एमएम रुंदीच्या फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम असतात, म्हणजे १६ च्या स्पीडला एक फूट बरोबर एक सेकंद. राजा हरिश्चंद्र ३७०० फुटांचा होता, चार रिळं. १६ ने धरलं तर ३७०० सेकंद, एक तास पावणेदोन मिनिटं. २४ ने धरलं तर ४१ मिनिटं. नेटवर तो चाळीस मिनिटांचा पिक्चर होता असं लिहिलेलं सापडतं, ते बहुतेक याच हिशोबातून आलं असावं असं माझं मत आहे. वीस मिनिटं गेली कुठं याचा कुणी विचारच करत नाही.

आणि सगळेच मूकपट १६ चे असतात असंही नाही, हँडल फिरवणारा माणूसच तो, कुणी १८ ने फिरवायचा कुणी २० ने, विनोदी पिक्चरवाले काही प्रसंग मुद्दाम हळू फिरवून घ्यायचे म्हणजे पडद्यावर ते पळतील. म्हणून आम्ही प्रत्येक फाइल आधी घरी बसून बघतो आणि स्पीड ठरवतो. कसा ठरवतो असं लोक विचारतात. पाण्याकडे बघतो. माणूस अभिनय करताना हळू-फास्ट चालू शकतो, पण पाणी त्याच्या वेगानेच पडतं, पदर त्याच्या वेगानेच खाली येतो. १९१९ च्या कालियामर्दनमध्ये पाणी भरपूर आहे त्यामुळे त्याचं काम सोपं गेलं, बाकी ठिकाणी धूर, घोडा, झाडाची फांदी जे सापडेल ते. एका रिळाला कधी कधी अख्खी संध्याकाळ जाते. मग १६ ची फाइल आजच्या मशीनवर चालावी म्हणून दर दोन फ्रेममागे एक फ्रेम परत दाखवतो, म्हणजे १६ चे २४ होतात आणि वेग खरा राहतो. त्यामुळे चित्र किंचित अडखळल्यासारखं वाटतं, तो बिघाड नाही. टीव्हीवर दाखवत असाल तर चित्र मऊ करणारं जे सेटिंग असतं ते बंद ठेवा, त्याने चेहरे मेणाचे दिसतात.

हे सगळं झाल्यावर काका आणि तबलजी त्या लांबीवर बसून वाजवण्याची तालीम करतात. कुठे थांबायचं, कुठे तबला सोडायचा, पाटी किती सेकंद राहते, सगळं त्या स्पीडवर बसवलेलं असतं. आणि मग शोच्या दिवशी काय होतं, पाहुणे उशिरा येतात, सत्कार लांबतात, आणि कुणीतरी मागून येऊन म्हणतं, "जरा फास्ट करून लावा ना, जेवणं खोळंबलीत."

कृपा करून हे करू नका. गंगापूर रोडला एका सोसायटीत मी पाट्यांचे कागद लावत होतो तेवढ्यात त्यांच्याच माणसाने लॅपटॉपवर दीडपट केलं. शेवटचा प्रसंग, राजा स्वतःच्या बायकोवर शस्त्र उचलतोय, आणि मुलं खदाखदा हसायला लागली. त्यांचा काय दोष, दिसतच तसं होतं. काकांनी पेटीवरचे हात काढून घेतले. मला आजही त्या संध्याकाळचं वाईट वाटतं, कारण त्याच प्रसंगाला इतर ठिकाणी बायकांना डोळे पुसताना मी पाहिलंय.

वेळ कमी असेल तर आदल्या दिवशीपर्यंत सांगा, आम्ही भाग कमी करतो. दोन रिळांऐवजी एक दाखवू, पण जे दाखवू ते खऱ्या वेगात. आयत्या वेळी सांगितलंत तर मधूनच कापून देता येत नाही, संगीत तुटतं. "आमच्याकडे डाउनलोड केलेला पिक्चर आहे तोच लावा, पैसे कमी घ्या" असंही पुष्कळ जण म्हणतात. त्यातल्या बऱ्याच फाइल २४ च्याच असतात, त्यावर वाजवायचं तर तालीम पहिल्यापासून, म्हणजे तुमचे पैसे वाचत नाहीतच उलट वाढतात. आमचा दर प्रोजेक्टरचा नाही, तो पाच मिनिटांत कुणीही लावेल, दर या आधीच्या कामाचा आहे.

दुसरं छोटं. पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहणार. जुनं चित्र ४:३ चं, आजचा टीव्ही १६:९ चा. ताणून बसवलं की माणसं जाडी होतात, मोठं करून बसवलं की वरची डोकी आणि पाट्यांच्या ओळी कापल्या जातात. राहू द्या काळं.

पत्रिकेवर किंवा फ्लेक्सवर "संपूर्ण राजा हरिश्चंद्र" छापू नका. आज पहिलं आणि शेवटचं रीळच शिल्लक आहे, आणि तेही १९१७ साली फाळक्यांनी परत केलेल्या आवृत्तीचं असावं असं काही अभ्यासक म्हणतात. लोक तासभराच्या तयारीने येतात आणि मग आम्ही अर्ध्यात बंद केला म्हणून आमच्याशी वाद घालतात. आपल्या देशात तेराशेच्या आसपास मूकपट झाले, त्यातले तीसच्या आतबाहेर उरलेत आणि तेही बरेचसे तुकड्यातुकड्यात. जे उरलंय ते पुण्याच्या फिल्म संग्रहालयासारख्यांनी जपलं म्हणून. आम्ही शोच्या सुरुवातीला हे दोन मिनिटांत सांगतो, ती दोन मिनिटं कापू नका.

कुठला पिक्चर ठेवू असं विचाराल तर घरात लहान मुलं असतील तर कालियामर्दन. कृष्णाचं काम फाळक्यांची मुलगी मंदाकिनी हिने केलंय, वय सात वर्षांच्या आसपास, आणि सुरुवातीलाच ती नुसत्या चेहऱ्याने राग, हसू असं एकेक करून दाखवते, तिथे मुलं एकदम गप्प होतात आणि थोड्या वेळाने आपापल्या जागेवर तसेच चेहरे करायला लागतात. हा पिक्चर ज्या हिंदुस्थान कंपनीचा ती नाशिकचीच. फाळके त्र्यंबकेश्वरचे, राजा हरिश्चंद्र ३ मे १९१३ ला गिरगावात लागल्यावर त्यांनी सगळा कारखाना इकडे हलवला, १९४४ ला गेले तेही नाशिकमध्येच. पांडवलेणीच्या पायथ्याच्या स्मारकात आपण मुलांना फिरायला नेतो, कारंजी दाखवतो, पण त्या माणसाचं एकही चित्र मुलांनी पाहिलेलं नसतं. आम्ही हा उद्योग सुरू केला तो याच कारणाने.

चॅप्लिनचा द किड (१९२१) मागणारे पुष्कळ असतात, तो दाखवतो, पण त्याच्याबरोबर ऐकू येतं ते संगीत चॅप्लिनने स्वतः १९७१ साली केलेलं आहे, चित्राचा हक्क आपल्याकडे संपला तरी त्या संगीताचा संपलेला नाही, म्हणून तिथेही आमची पेटीच वाजेल.

जागेचं म्हणाल तर अंधार हवा. मे महिन्यात गच्चीवर शो असेल तर पावणेआठच्या आधी सुरू करू नका, पडदा फिका दिसतो. १५ अँपिअरचा एक पॉइंट, वाजवणाऱ्यांना बसायला एक सतरंजी आणि पाट्या वाचायला छोटा दिवा एवढं पुरतं. डीजेचे बॉक्स लागत नाहीत, पन्नास-साठ माणसांत पेटी माइकशिवाय ऐकू जाते आणि तशीच चांगली वाटते.

शेवटचं एक, शोशी संबंधित नाही पण लिहायलाच हवं. शो झाल्यावर कुणी ना कुणी येऊन सांगतं की आमच्या पंचवटीतल्या वाड्यात माळ्यावर जुने पत्र्याचे डबे आहेत, आत रिळं आहेत. तर तो डबा देवघराजवळ किंवा गॅसजवळ नेऊ नका, उन्हात ठेवू नका, आणि भंगारवाल्याला तर अजिबात देऊ नका, फिल्ममधली चांदी काढायला म्हणून कितीतरी पिक्चर असेच वितळवले गेलेत. १९५१ च्या आधीची फिल्म नायट्रेटची, म्हणजे पटकन पेट घेणाऱ्या जुन्या प्रकारची, असू शकते, ती पेटली की पाण्यातसुद्धा जळत राहते. आंबट वास येत असेल तर ती दुसऱ्या प्रकारची, तिला आगीचा तसा धोका नाही पण ती सडायला लागलीय, म्हणजे वेळ कमी आहे. डबा आहे तसा सावलीत ठेवा, बाहेरून फोटो काढून आम्हाला पाठवा. आम्ही येऊन बघतो आणि पुण्याला कसं पोचवायचं तेही सांगतो. याचे पैसे घेत नाही, शो बुक केला नसेल तरी.