पाइपातली जागा म्हणजे वायूची गरज नव्हे

पाइपलाइनच्या आत जेवढी जागा, तेवढाच नायट्रोजन प्रेशर टेस्टला, म्हणजे दाब देऊन गळती तपासायच्या चाचणीला, पुरतो, हा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. पाण्याने चाचणी घेताना तो जवळपास खरा ठरतो, कारण पाणी फारसे दबत नाही. वायू दबतो, आणि सगळा हिशेब तिथेच बदलतो.

आतला व्यास ३०० मिलिमीटर, लांबी १ किलोमीटर धरा. जागा झाली सुमारे ७१ घनमीटर. गेजवर, म्हणजे दाबमापकावर, ५० बार दाब हवा असेल (१ बार म्हणजे जवळपास वातावरणाचा दाब), तर वातावरणाच्या दाबाला मोजलेला सुमारे ३,५०० घनमीटर नायट्रोजन भरावा लागतो. जवळजवळ पन्नासपट! आधीची हवा पर्ज करून, म्हणजे नायट्रोजनने ढकलून, काढायची असेल, तर त्याचा नायट्रोजन वेगळा.

सिलिंडर मोजताना तर हमखास फसगत होते. २०० बारला भरलेल्या ५० लिटरच्या सिलिंडरमध्ये ढोबळमानाने १० घनमीटर वायू असतो. पण लाइन ५० बारच्या जवळ पोहोचली, की सिलिंडरमधला तेवढ्या दाबाचा वायू बूस्टरशिवाय (दाब वाढवणाऱ्या यंत्राशिवाय) बाहेर येतच नाही. म्हणजे शेवटच्या सिलिंडरांतून प्रत्येकी साडेसात घनमीटरच धरा.

आणि तापमान. ५० बारच्या या लाइनमधला २७ अंश सेल्सिअसचा वायू १० अंशांनी निवला, तर दाब दीड बारहून जास्त उतरतो. गळती ठरवण्याआधी ही वजाबाकी कराच.