ही लढाई मागितली कोणी? ॲक्शन आरपीजीतल्या आगंतुकांची पार्श्वभूमी

'डार्क सोल्स' या व्हिडिओ गेममध्ये अनडेड बर्ग या भागातल्या जिन्यावरून तुम्ही सावकाश उतरत असता. ढाल वर धरलेली, समोर दोन भालेवाले, जखमा भरून काढणाऱ्या एस्टसच्या बाटलीत दोनच घोट शिल्लक. इतक्यात स्क्रीनवर एक ओळ उमटते: कुणी परका खेळाडू तुमच्या जगात शिरलाय. बाहेर पडायच्या वाटांवर धुक्याचे पडदे येतात, विसाव्याच्या शेकोटीपाशी बसता येत नाही, आणि लालसर उजळलेली एक आकृती तुमच्या दिशेने चालत येते. मला हे पहिल्यांदा झालं तेव्हा मी कोपऱ्यात ढाल धरून नुसता उभा राहिलो होतो. दहा सेकंदांत मेलो. पण ती दहा सेकंदं अजून आठवतात. त्या खेळातले कितीतरी बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटी भेटणारे मोठे शत्रू, मी विसरलोय.

हा माणूस तिथे आला कसा, आणि त्याला येऊ कोणी दिलं? ॲक्शन आरपीजी, म्हणजे आपलं पात्र वाढवत हाणामारी करायचे खेळ, बनवणारी मंडळी जवळपास तीस वर्षं याच प्रश्नाशी झटतायत. खेळाडूंची भांडणं कुठलं शस्त्र जास्त ताकदवान आणि कुणाचं नेट खराब यावरून होतात. मला मात्र वाटतं, या सगळ्याच्या तळाशी एकच प्रश्न आहे: ही लढाई मागितली कोणी?

सुरुवात ब्लिझार्ड या कंपनीच्या 'डायाब्लो'पासून करायला हवी. १९९६ संपता संपता हा खेळ बाजारात आला आणि त्याच्यासोबत 'बॅटल डॉट नेट' ही फुकट ऑनलाइन सेवा. चार जण एकत्र तळघरात उतरायचे. दुसऱ्या खेळाडूवर वार करायचा की नाही, यासाठी खेळात एक साधं बटण होतं. पण ते बटण मारणाऱ्याच्या हातात होतं, मरणाऱ्याच्या नाही. एखाद्याला मारलं की त्याचा कान जमिनीवर पडायचा. त्यावर त्याचं नाव असायचं, आणि मारणारा तो उचलून झोळीत ठेवायचा. मेलेल्याच्या अंगावरचं सामानही तिथेच सांडायचं. म्हणजे सोबती म्हणून आलेला माणूस मागून वार करून तुमची आठवड्याभराची कमाई घेऊन जाऊ शकायचा. शिवाय पात्राची फाइल खेळाडूच्या स्वतःच्याच कॉम्प्युटरवर असायची. ती फाइल हवी तशी बदलता यायची, त्यामुळे फसवणुकीला धरबंध राहिला नाही. अनोळखी माणसाबरोबर खेळणं म्हणजे आपणहून लुटून घेणं, अशी गत झाली.

जून २००० मध्ये आलेल्या 'डायाब्लो २'ने यातल्या बहुतेक गोष्टींवर उपाय केला. पात्रं ब्लिझार्डच्या सर्व्हरवर गेली. मेलेल्याचं सामान त्याच्या प्रेतावरच राहू लागलं, आणि दुसऱ्याने ते घ्यायचं तर मालकाने आधी परवानगी द्यावी लागायची. वैर आता जाहीर करावं लागायचं, तेही गावात उभं राहून, आणि दोघेही किमान नवव्या लेव्हलचे असतील तरच. वैर जाहीर झालं की समोरच्याला तसा संदेश मिळायचा. खेळाडूने खेळाडूला केलेलं डॅमेज सहाव्या हिश्शावर आणलं होतं, कारण राक्षसांसाठी बेतलेला वार माणसाला एका फटक्यात संपवायचा.

नियम चोख होता, तरी पळवाट निघालीच. मोकळ्या मैदानात मंत्र सोडायचा, तो हवेत असतानाच गावाचं पोर्टल उघडून आत शिरायचं, आणि त्याच क्षणी वैर जाहीर करायचं. मघाशी निरुपद्रवी असलेला मंत्र आता जीवघेणा ठरायचा. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत करून देणारी हॅक्स फिरत होती. 'हार्डकोर' पात्र एकदा मेलं की कायमचं जातं. महिनोन्‌महिने जपलेली अशी पात्रं या युक्तीने गेली. गावात जाहीर करायची अट होती ती सावध व्हायला वेळ मिळावा म्हणून, आणि चोरी झाली ती नेमकी त्या वेळाची.

'डायाब्लो ३'ची कथा थोडक्यात संपते. २०१० च्या ब्लिझकॉन या कंपनीच्या मेळाव्यात खेळाडूंनी एकमेकांशी लढायचे आखाडे दाखवले, मे २०१२ मध्ये खेळ त्यांच्याविना आला, आणि डिसेंबरमध्ये खेळाचे दिग्दर्शक जे विल्सन यांनी कळवलं की संघांची लढत काही जमली नाही, ती रद्द. फेब्रुवारी २०१३ च्या पॅचमध्ये एक छोटी 'ब्रॉलिंग'ची जागा मिळाली, तेवढंच. एका कौशल्याने पन्नास राक्षस उडवणारी पात्रं समोरासमोर उभी केली की लढत अर्ध्या सेकंदात संपते. ती सगळी यंत्रणा गर्दी मारण्यासाठी उभी केलेली होती. एका माणसाशी झुंजायला तिच्यात जागाच नव्हती.

दुसरी वाट जपानमधून आली, आणि माझं मन अजून तिथेच रमतं. फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीचा 'डीमन्स सोल्स' ५ फेब्रुवारी २००९ ला प्लेस्टेशन ३ वर आला. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. त्याच्या मल्टिप्लेअरची कल्पना कुठून सुचली, हे त्यांनी मुलाखतीत सांगितलंय. बर्फ पडत होतं, चढावर गाड्या घसरत होत्या, एकही वर जाईना. मग मागच्या गाडीने पुढच्या गाडीला टेकून ढकलायला सुरुवात केली, आणि एकेक करून गाड्या वर गेल्या. ते स्वतःही तसेच वर पोचले. थांबून आभार मानावेत तर गाडी पुन्हा अडकायची भीती. घरी जाताना त्यांच्या मनात येत राहिलं, रांगेतला शेवटचा माणूस पोचला असेल का? ती माणसं पुन्हा कधी भेटणार नव्हती.

या खेळात दुसरे खेळाडू धूसर सावल्यांसारखे क्षणभर दिसून जातात. जमिनीवरच्या रक्ताच्या डागाला हात लावला की कोण कसं मेलं ते दिसतं. जमिनीवर संदेश लिहिता येतो, आणि कुणाला तो उपयोगी वाटून त्याने दाद दिली तर लिहिणाऱ्याची प्रकृती तिथल्या तिथे सुधारते. मरणाच्या दारात उभं असताना कुण्या अनोळखी माणसाच्या दादेने आपलं रक्त भरून येतं, यापेक्षा सुंदर मल्टिप्लेअरचा नियम मला तरी माहीत नाही.

त्याच खेळात काळे फँटमही होते. तुम्ही मेलात की शरीर जातं, आत्मारूप उरतं आणि आयुष्याची पट्टी निम्मी होते. शरीर परत मिळवायचे मार्ग म्हणजे बॉस मारणं, निळा फँटम होऊन दुसऱ्याला बॉस मारायला मदत करणं, किंवा काळा फँटम होऊन शरीरधारी खेळाडूच्या जगात घुसून त्याला ठार करणं. तुम्ही शरीरात असाल तरच मदतनीस बोलावता येतात, आणि तेव्हाच तुमच्यावर हल्लाही होऊ शकतो. मदतीचं दार आणि हल्ल्याचं दार एकच. लाट्रियाच्या मनोऱ्यात तर ही कल्पना टोकाला नेली आहे. तिथला म्हातारा भिक्षू हा बॉस ऑनलाइन खेळताना स्वतः लढत नाही, तो कुठल्यातरी खऱ्या खेळाडूला ओढून आणतो आणि तुमच्यासमोर उभा करतो. दार उघडेपर्यंत आत कोण आहे ते कळत नाही.

२०११ च्या सप्टेंबरात जपानमध्ये आणि ऑक्टोबरात इतरत्र आलेल्या 'डार्क सोल्स'ने हाच सौदा आणखी स्पष्ट केला. शेकोटीपाशी 'ह्युमॅनिटी' खर्च करून माणसात यायचं. माणसात आलात की सोबती बोलावता येतो, शेकोटी पेटती करून एस्टसचे घोट पाचाचे दहा करता येतात, आणि परक्याचा हल्लाही येऊ शकतो. माणसात न येता 'पोकळ' राहिलात तर सुरक्षित, पण एकटे. 'माणसात येणं' याचा आपल्या भाषेतला अर्थ इतका चपखल बसतो की पहिल्यांदा खेळताना मी थबकलोच होतो. हल्लेखोरांना कारणंही दिली होती. डार्करेथ ह्युमॅनिटी लुटायला येतात, जंगलाचे रखवालदार आगंतुकाला हाकलतात, आणि डार्कमूनचे सैनिक पाप्याला शोधून शिक्षा करतात. तुम्ही उगाच कुणाला मारलंत तर तो तुमचं नाव पाप्यांच्या यादीत लिहवू शकायचा.

पण जोड्या जुळवायच्या गणितात एक भोक होतं. हल्लेखोर आणि यजमान (ज्याच्या जगात तो शिरतो तो खेळाडू) यांची जुळणी फक्त सोल लेव्हलवर, म्हणजे पात्राच्या लेव्हलवर, व्हायची. अंगावर काय चढवलंय ते कुणी विचारत नव्हतं. अग्निविद्येचा वार पात्राच्या गुणांवर अवलंबून नव्हता, हातातली ज्योत किती वाढवलीय यावरच तो ठरायचा. त्यामुळे कसलेला खेळाडू लेव्हल न वाढवता खेळात खोलवर जायचा, ज्योत पूर्ण वाढवायचा, डार्करेथ व्हायचा, आणि अनडेड बर्गमध्ये परत येऊन पहिल्यांदाच खेळणाऱ्याला एका भडक्यात जाळायचा. यांना 'ट्विंक' म्हणतात. त्या जिन्यावर मला भेटला तो असाच असावा.

दुसरी अडचण जोडणीची. खेळ 'पीअर टू पीअर' चालायचा, म्हणजे दोघांची यंत्रं थेट एकमेकांशी बोलायची. माझ्या स्क्रीनवर मी वळून त्याच्यासमोर उभा आहे, त्याच्या स्क्रीनवर माझी पाठ अजून तिथेच आहे. तो बॅकस्टॅब करतो, आणि मी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून उभा असताना माझ्या पाठीत तलवार शिरते. कोण खरा? दोघंही. पुण्यात रात्री साडेअकराला खेळताना जवळचा प्रतिस्पर्धी सापडणं मुश्किल, त्यामुळे हा अनुभव आमच्या वाट्याला जरा जास्तच आला. पुढे अंदाज बांधून मोकळ्या जागेत बॅकस्टॅब साधणं ही एक कलाच झाली. जोडणीतल्या या उशिरातूनही, म्हणजे लॅगमधूनही, शैली जन्माला येते, याचा मला आजही अचंबा वाटतो.

२०१४ च्या 'डार्क सोल्स २'ने ट्विंकांचा बंदोबस्त करायला 'सोल मेमरी' आणली. लेव्हल सोडून द्यायची आणि आजवर मिळवलेले सगळे सोल, म्हणजे खेळातलं चलन, मोजायचे, खर्चलेले आणि मरून गमावलेलेही. हेतू चांगला होता, पण फटका भलत्यांनाच बसला. जो जास्त मरतो, जास्त गमावतो, त्याचाही आकडा फुगतच राहतो, आणि तो त्याच्याहून वरचढ लोकांसमोर जाऊन पडतो. दोन मित्रांचे आकडे लांब गेले की एकत्र खेळणंही अवघड. शेवटी २०१५ च्या सुरुवातीला 'अगापे रिंग' दिली. ती बोटात घातली की सोल अंगठीतच जिरतात आणि आकडा थांबतो. याच खेळात पोकळ राहूनही हल्ल्यापासून सुटका नव्हती. म्हणजे जुना सौदाच मोडला, आणि माझ्या लेखी ही सोल मेमरीहून मोठी चूक होती. पहिल्या दोन खेळांत हल्ल्याचा राग यायचा, पण आपण काय पत्करून बसलोय हे ठाऊक असायचं.

२०१६ च्या 'डार्क सोल्स ३'ने नेमकी दुरुस्ती केली. सोल लेव्हलसोबत शस्त्र कितव्या पायरीपर्यंत वाढवलंय तेही जुळणीत धरलं. मित्रांसाठी पासवर्ड दिला. इतका साधा उपाय सुचायला पाच वर्षं लागली.

दरम्यान खेळाडूंनी स्वतःचे आखाडे बांधले होते, ते कुणी आखून दिले नव्हते. 'डार्क सोल्स २'मध्ये आयर्न कीपचा पूल, तिसऱ्यात पाँटिफ या बॉसच्या पलीकडचा चौक. जमिनीवर लाल खडूने खूण करायची, ज्याला लढायचंय तो बोलावतो. आधी वाकून नमस्कार, मध्ये औषध प्यायचं नाही, लेव्हल एकशेवीसच्या आसपास थांबवायची. हे नियम कुठल्याही मेन्यूत लिहिलेले नव्हते. कंपनीनेही ते पाहून अधिकृत आखाडे दिले: पहिल्या भागात २०१२ च्या विस्तारात, तिसऱ्यात २०१६ च्या विस्तारात, त्यांच्याच पुढच्या 'एल्डन रिंग' या खेळात ७ डिसेंबर २०२२ ला फुकट कोलोसियम.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. आखाड्यात जाणारा आणि घुसखोरी करणारा हे वेगळे खेळाडू आहेत. आखाड्यातल्याला बरोबरीची लढत हवी असते. घुसखोराला विषमता हवी असते: अनोळखी जागा, यजमानाच्या बाजूने दोन साथीदार, आपल्या बाजूने फक्त तिथले राक्षस आणि त्या जागेची माहिती. कितीही चांगला आखाडा बांधला तरी त्याची भूक भागत नाही.

'एल्डन रिंग' २५ फेब्रुवारी २०२२ ला आला तो या सगळ्याचा हिशेब मांडूनच. त्याच्या महिनाभर आधी, जानेवारीत, आधीच्या खेळांच्या पीसी आवृत्तीत गंभीर त्रुटी उघड झाली होती. समोरचा खेळाडू तुमच्या खऱ्या कॉम्प्युटरवर स्वतःचा कोड चालवू शकत होता. घुसखोरी खेळाच्या बाहेर पडून थेट घरात आली. सर्व्हर बंद करावे लागले. त्याच वर्षी टप्प्याटप्प्याने ते परत आले, पण पहिल्या 'डार्क सोल्स'च्या जुन्या पीसी आवृत्तीचे कधीच आले नाहीत.

'एल्डन रिंग'मध्ये एकट्या खेळाडूवर हल्ला होत नाही. सोबती बोलावला तरच होतो, किंवा तुम्ही 'टाँटर्स टंग' वापरून मुद्दाम आव्हान दिलंत तर. त्याच वर्षी खेळाडूंमधल्या लढाईसाठी डॅमेजचे आकडे वेगळे केले, जे 'डायाब्लो २'ने बावीस वर्षांपूर्वी एका सरसकट भागाकारात केलं होतं. नवख्याला दिलेलं हे संरक्षण मला पटतं. कोट्यवधी लोकांनी विकत घेतलेल्या खेळात पहिल्याच तासाला ट्विंक भेटावा, असं कुणी म्हणणार नाही. पण आता एकटा उरलाय तो घुसखोर. तो येतो तेव्हा समोर बहुतेक वेळा दोघं-तिघं वाट बघत असतात, आणि यजमानाच्या मदतीला निळे शिकारी, म्हणजे आणखी खेळाडू, येऊ शकतात. एकट्याने मनोरा चढताना मागे पावलं ऐकू येण्याची ती भीती गेली. तिची किंमत मोजणारे होते, तसे तिच्यासाठीच खेळणारेही होते. मी दुसऱ्या गटातला.

२०२२ च्या मे महिन्यात 'सीमलेस को-ऑप' हा मॉड, म्हणजे खेळात केलेला बदल, आला. एका चाहत्याने केलेला. मित्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकत्र खेळतात, बाहेरचा कुणी आत येऊ शकत नाही. त्याला तुफान प्रतिसाद मिळाला. ३० मे २०२५ ला फ्रॉमसॉफ्टवेअरने स्वतःच 'नाइटरेन' आणला. त्यात तिघं जण खांद्याला खांदा लावून लढतात आणि घुसखोर नाही. त्याच्या दोन महिने आधी, एप्रिलमध्ये, मियाझाकींच्याच दिग्दर्शनाखाली 'द डस्कब्लड्स'ची घोषणा झाली होती. त्यात आठपर्यंत खेळाडू एकाच वेळी उतरतात, राक्षसांशी झुंजतात आणि एकमेकांशीही. तिथे परका कुणी मागाहून शिरत नाही. सगळेच परके, आणि दारातून आत पाऊल टाकतानाच हे प्रत्येकाला माहीत असतं.