करार संपायच्या आधीच झोप उडते

फेब्रुवारी लागला की नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या चहाटपऱ्यांवर कंत्राटी कामगारांच्या गप्पा एकाच वळणावर जातात. "यंदा रिन्यू होते का बे?" "काई खरं नाही भाऊ, ठेकेदारच बदलते म्हणते." ३१ मार्चला करार संपणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. १ एप्रिलला गेटपास चालेल का, हे मात्र बरेचदा शेवटच्या आठवड्यापर्यंत कोणी सांगत नाही. बुटीबोरीतही हेच ऐकू येतं.

नोकरी गेल्यावर माणूस खचतो, हे कळायला विज्ञान लागत नाही. पण नोकरी अजून आहे, पगार खात्यात पडतोय, तरी रात्री तीनला डोळा उघडतो, तो का?

याचं एक चांगलं उत्तर जवळजवळ योगायोगाने सापडलं. १९८५ साली लंडनमधल्या दहा हजारांहून अधिक सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीची पाहणी सुरू झाली. तिचं नाव 'व्हाइटहॉल-२'. हुद्दा आणि आजारपण यांचा संबंध शोधायचा, एवढाच हेतू होता. मध्येच सरकारने त्यातलं एक खातं खासगी करायचं ठरवलं. चर्चा सुरू होण्याआधीच्या नोंदी हाताशी होत्याच. जेन फेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये त्या ताडून पाहिल्या, तेव्हा प्रत्यक्ष बदल व्हायच्या आधीच, नुसत्या टांगणीच्या काळात, या खात्यातल्या लोकांची तब्येत इतर खात्यांच्या तुलनेत ढासळलेली दिसली.

चिंताळू स्वभावाच्या माणसाला नोकरी जाईल असं उगाच वाटतं आणि तोच आजारीही पडतो, अशी शंका कोणी घेईल. शंका रास्त आहे. पण इथे गदा आली ती अख्ख्या खात्यावर, एकेकाचा स्वभाव बघून नाही. म्हणून मला हा पुरावा भक्कम वाटतो.

मेंदूला वाईट बातमीपेक्षा अर्धवट बातमी जास्त छळते. लंडनच्याच युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ४५ स्वयंसेवकांना संगणकावर दगड उलटायला लावले. खाली साप आहे का, याचा अंदाज बांधायचा. साप निघाला की हाताला दुखेल असा विजेचा झटका. घाम किती सुटतो, बाहुल्या किती विस्फारतात, हे मोजलं. २०१६ मध्ये निष्कर्ष छापून आला: झटक्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना ताण सगळ्यात जास्त होता. झटका नक्की बसणार हे माहीत असलेले त्यामानाने शांत होते!

धोका जाणवला की मेंदूतलं हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला इशारा देतं, ती मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना, आणि रक्तात कॉर्टिसॉल वाढतं. पुरेसं वाढलं की तेच कॉर्टिसॉल मेंदूला 'आता पुरे' असं कळवतं. अंगावर आलेल्या बैलासाठी ही व्यवस्था उत्तम आहे. बैल काही मिनिटांत निघून जातो. करार मात्र दर वर्षी संपतो. ही यंत्रणा महिनोन् महिने चालू राहिली की शरीराची जी झीज होते, तिला ब्रूस मॅकइवेन या शास्त्रज्ञाने 'अ‍ॅलोस्टॅटिक लोड' म्हटलं. आधी झोप बिघडते, चिडचिड वाढते. पुढे रक्तदाब, साखर, उदासपणा. घरचे म्हणतात, "याचा स्वभावच बदलला."

नागपूरला पक्क्या नोकरीची आठवण जुनी आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली आणि कामगारांसाठी पेन्शन फंड तिथे १८८६ मध्येच आला. मिल २००२ मध्ये बंद पडली. आजच्या कंत्राटी कामगाराला फंडाच्या आधी २४० दिवसांचा हिशेब कळतो. औद्योगिक विवाद कायद्यात वर्षभरात इतके दिवस भरले की सलग सेवा धरायची तरतूद होती. म्हणून ते भरू नयेत यासाठी मध्येच कामात 'ब्रेक' द्यायची पद्धत पडली. कागदावर तो ब्रेक चार दिवसांचा असेल, शरीराला तो आधीपासून मोजावा लागतो.

आणि परमनंट झालं की सगळं पूर्ववत होतं, असंही नाही. फेरी यांच्याच गटाला २००२ मध्ये आढळलं, की असुरक्षिततेतून सुरक्षित नोकरीत आलेल्यांच्या मनावरचा परिणाम पूर्ण पुसला गेला नव्हता.

सगळ्यांना कायम करणं ठेकेदाराच्या हातात नसेलही. पण कोणाचा करार वाढणार याची यादी जानेवारीत लावणं त्याच्या हातात असतं, आणि त्याला पैसा लागत नाही. 'नाही' असलं तरी ते वेळेवर कळलेलं बरं. माणूस दुसरीकडे अर्ज तरी टाकतो. हाती दुसरा पर्याय असलेल्यांना या टांगणीची झळ कमी लागते, हेही अभ्यासांत दिसलं आहे. झोप दोन-तीन आठवडे सलग उडाली असेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. डॉक्टरकडे गेलात तर आम्लपित्ताच्या तक्रारीबरोबर कराराची तारीखही सांगा.