अपघातातल्या जखमीला दवाखान्यात नेलंत? ‘राह-वीर’साठी नोंद अशी होते

पुण्यात नवले पुलाच्या उतारावर रात्री एखादा दुचाकीस्वार रक्तबंबाळ पडलेला दिसतो. मागून आलेली रिक्षा, कॅब, टेम्पो जरा हळू होतात आणि निघून जातात. चालक निर्दयी नसतो. ‘चौकीत मलाच बसवून ठेवतील, कोर्टाच्या तारखा लागतील, आजचा धंदा बुडेल’ ही धास्ती त्याला पुढे ढकलते. कायद्याने ती धास्ती कधीच मोडीत काढली आहे, पण रिक्षा स्टँडवर अजून कुणी हे नीट सांगत नाही, म्हणून तो कायदा आणि जखमीला वेळेत रुग्णालयात नेणाऱ्याला बक्षीस देणारी केंद्राची ‘राह-वीर’ योजना, दोन्ही सविस्तर लिहितो.

२०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. मदत करणाऱ्यावर त्या मदतीमुळे दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. पोलीस तुम्हाला नाव, पत्ता सांगण्याची सक्ती करू शकत नाहीत. साक्षीदार व्हायचं की नाही हेही तुम्हीच ठरवायचं. मात्र धडक देऊन पळालेल्या गाडीचा नंबर पाहिला असेल किंवा डॅशकॅममध्ये ती आली असेल, तर तेवढं पोलिसांना जरूर द्या. तपास बहुतेक वेळा अशाच एका धाग्यावर पुढे सरकतो.

आता बक्षिसाचं. केंद्राची ही योजना ऑक्टोबर २०२१मध्ये ५ हजार रुपयांनी सुरू झाली. २०२५मध्ये तिचं नाव ‘राह-वीर’ झालं आणि रक्कम २५ हजारांवर गेली. अट एकच, पण कडक: गंभीर जखमीला अपघातानंतरच्या पहिल्या तासाभरात मदत करून रुग्णालयात पोहोचवलेलं हवं. गंभीर म्हणजे मोठी शस्त्रक्रिया, किमान तीन दिवस रुग्णालयात मुक्काम, मेंदूला किंवा मणक्याला इजा, यांपैकी काहीही. उपचार चालू असताना जखमी दगावला तरी प्रकरण पात्र ठरतं. तुमची धावपळ वाया गेली असं सरकार धरत नाही. कुणीही पात्र आहे, लायसन्स वा पेशाची अट नाही. ज्याच्या गाडीने अपघात झाला त्या चालकाला मात्र हे लागू नाही. जखमीला मदत करणं हे त्याचं कायदेशीर कर्तव्यच आहे.

वेगळा अर्ज घेऊन खेटे घालावे लागत नाहीत. सगळं एका पोचपावतीवर चालतं. तुम्ही आधी ११२ला किंवा पोलिसांना कळवलंत, तर डॉक्टरांकडून खात्री करून पोलीस ठाणं आपल्या लेटरहेडवर पोचपावती देतं. जखमीला थेट ससूनला किंवा जवळच्या रुग्णालयात नेलंत, तर रुग्णालय पोलिसांना कळवतं आणि पावती पोलीसच देतात. तिच्यावर तुमचं नाव, पत्ता, मोबाइल, अपघाताची जागा, तारीख, वेळ आणि तुम्ही नेमकी काय मदत केली हे असतं. लोक इथेच चुकतात: जखमीला कॅज्युअल्टीत सोपवतात आणि नाव न सांगता निघतात. तो तुमचा हक्क आहे, पण मग पावती कुणाच्या नावाने निघणार? बक्षीस हवं असेल तर नाव आणि मोबाइल नोंदवूनच निघा. आधार आणि बँक पासबुकाची प्रत हाताशी ठेवा, कारण रक्कम थेट खात्यात येते.

पावतीची एक प्रत तुम्हाला मिळते, दुसरी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे जाते. समितीत पोलीस, आरोग्य आणि आरटीओचे अधिकारी असतात. तिने मंजूर केलेलं प्रकरण परिवहन आयुक्तांकडे जातं आणि पैसे तिथून सुटतात. एका जखमीला दोघा-तिघांनी मिळून नेलं असेल तर रक्कम सारखी वाटली जाते. एका व्यक्तीला वर्षात जास्तीत जास्त पाच वेळा बक्षीस मिळतं. योजनेची ठरलेली मुदत ३१ मार्च २०२६ होती, तेव्हा त्यानंतरच्या अपघातासाठी संगम पुलाजवळच्या आरटीओत आधी मुदतवाढीची चौकशी करा.

एक कळकळीची विनंती. मान किंवा पाठ दुखावलेली दिसली तर जखमीला ओढून रिक्षात कोंबू नका. १०८ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईतो मागची वाहनं थोपवून धरा. नातेवाईक भेटले तर त्यांना सांगा की २०२५च्या कॅशलेस योजनेत नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचा उपचार होतो. पैशांच्या जुळवाजुळवीत पहिला तास जायला नको.