भाडं ठरवताना खर्च कोण धरतं?

पुण्यात ॲपवरून बोलावलेल्या गाडीच्या पाटीवर एमएच १३ दिसलं तर आता कुणाला नवल वाटत नाही. मोहोळ, बार्शी, अक्कलकोटकडची पोरं फायनान्सवर गाडी उचलतात, पासिंग सोलापूरला करतात आणि धंदा पुण्यात. परवडतं का, असं विचारलं की उत्तर दिवसाच्या गल्ल्यावर मिळतं: एवढा धंदा झाला, गॅस गेला, जेवण गेलं, उरले ते आपले. टायर, विमा, पासिंग आणि दर किलोमीटरला उतरणारी गाडीची किंमत या हिशोबात येत नाही. याला चालकाचा भाबडेपणा म्हणून मोकळं होता येत नाही, कारण हा खर्च मोजायचं काम आधी दुसऱ्या कुणाचं तरी होतं.

सोलापुरात लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या एकेक करून बंद पडल्या. कामगारांपैकी अनेकांनी, आणि त्याहून जास्त त्यांच्या मुलांनी, रिक्षा धरली. पुष्कळांची रिक्षा स्वतःची नसायची. परमिट एकाचं, गाडी त्याचीच, आणि चालवणारा रोजावर. संध्याकाळी ठरलेला रोज मालकाच्या हातावर ठेवायचा, बाकीचं आपलं. पिळवणूक होतीच. पण इंजिन बसलं तर गॅरेजचं बिल मालकाचं, विमा आणि पासिंगही मालकाचं. चालकाच्या अंगावर इंधन आणि पोलिसाची पावती.

भाड्याचा दर तेव्हा, आणि रिक्षांसाठी आजही, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालचं प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ठरवतं. दर कशावर ठरवायचा याचं सूत्र राज्य सरकारने नेमलेल्या हकीम समितीने दिलं आणि ते २०१२ मध्ये लागू झालं. गाडीची किंमत, इंधन, दुरुस्ती, विमा, कर आणि चालकाच्या घरखर्चासाठी महागाई निर्देशांक, इतकं सगळं त्यात धरलेलं होतं. पुढे खटुआ समितीने त्याची फेरमांडणी केली. सोलापूरकर म्हणेल, इथे मीटर टाकतो कोण? खरंच आहे. स्टेशन ते सात रस्ता किंवा आसरा सीटवरच, म्हणजे माणशी भावावरच चालतं. तरी सीटचा भाव वाढवून मागताना संघटना सरकारी दराकडेच बोट दाखवायच्या. खर्च कागदावर कुठेतरी लिहिलेला होता, हे महत्त्वाचं.

याच काळात इंधनाचा भाव सरकारच्या हातून सुटत होता. पेट्रोल जून २०१० मध्ये नियंत्रणमुक्त झालं, डिझेल ऑक्टोबर २०१४ मध्ये, आणि जून २०१७ पासून भाव रोज बदलू लागले. भाडं मात्र कधीमधी, बैठक होईल तेव्हा. सोलापुरात सीएनजीही पुण्या-मुंबईच्या बऱ्याच मागून आला.

ॲपवाल्या कंपन्या मोठ्या शहरांत रुजल्या त्या या फटीत. ओला २०१० ची, उबर भारतात आली २०१३ मध्ये. सुरुवातीची दोन-तीन वर्षं प्रवाशाला सवलत आणि चालकाला बोनस, दोन्ही गुंतवणूकदारांच्या पैशातून. तो बोनस बघून लोकांनी हप्त्यावर गाड्या घेतल्या. २०१७ च्या सुमारास बोनस आटला आणि संप सुरू झाले. हप्ता काही आटला नाही. त्याच वर्षी राज्य सरकारने रिक्षाचे परवानेही खुले केले. रोजावर चालवणारा मालक झाला, आणि मालकाकडचा सगळा खर्च त्याच्याकडे आला.

विडी वळणाऱ्या बाईला पान कमी पडलं तर ते पदरच्या पैशाने आणून हजार विड्यांचा भरणा करावा लागतो, हे सोलापुरात घरोघरी ठाऊक आहे. ॲपवरच्या चालकाचं गणित त्याच जातीचं आहे.

ते गणित मांडून बघू. आकडे समजायला घेतले आहेत, गाडीगणिक बदलतील. सात लाखांची सीएनजी गाडी अडीच लाख किलोमीटर चालवून दीड लाखाला विकली, तर किलोमीटरमागे २ रुपये २० पैसे नुसती किंमत उतरली. गॅस ९० रुपये किलो आणि ॲव्हरेज वीसचं धरलं तर साडेचार रुपये. सोळा हजारांचे चार टायर चाळीस हजार किलोमीटर गेले तर ४० पैसे. दर दहा हजाराला साडेतीन हजारांची सर्व्हिसिंग म्हणजे ३५ पैसे. विम्याचे साधारण २८ पैसे. बेरीज ७ रुपये ७३ पैसे. आता शंभरातले पस्तीस किलोमीटर गिऱ्हाईक आणायला जाण्यात आणि रिकामं परतण्यात गेले, तर भाड्याच्या प्रत्येक किलोमीटरवर हाच खर्च बाराच्या घरात जातो. कर्जाचं व्याज, मोठी दुरुस्ती, कमिशन आणि चालकाची मजुरी अजून धरलेलीच नाही.

त्यातला विमा जरा जवळून बघण्यासारखा आहे. जून २०२२ पासूनच्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारचा थर्ड पार्टी हप्ता, म्हणजे अपघातात दुसऱ्याच्या नुकसानीसाठीचा सक्तीचा विमा, वर्षाला ३,४१६ रुपये. तीच गाडी टॅक्सी पासिंगची असेल तर ७,९४० रुपये, वर प्रत्येक प्रवाशामागे ९७८. चार प्रवाशांचे मिळून ११,८५२, त्यावर १८ टक्के जीएसटी. गाडी तीच, रस्ता तोच, पाटी फक्त पिवळी.

पासिंगचंही तसंच. प्रवासी गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी फिटनेसचं प्रमाणपत्र लागतं. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये, हा नियम डिसेंबर २०१६ चा. कोर्टकज्ज्यात तो अडकला होता. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्यावर वसुली सुरू झाली, राज्यभर रिक्षावाले रस्त्यावर उतरले आणि सरकारला त्या वसुलीला स्थगिती द्यावी लागली. लॉकडाऊनमध्ये दारात उभ्या राहिलेल्या गाड्यांचे मालक त्या वेळी का भडकले, ते समजायला दिवसांना पन्नासने गुणून बघावं. सीएनजीच्या टाकीची तीन वर्षांतून एकदा करायची चाचणी वेगळीच.

गंमत अशी, की सोलापूरच्या जुन्या टुरिस्ट गाड्यांच्या धंद्याने रिकाम्या फेरीचा प्रश्न कधीच सोडवला होता. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर असा देवदर्शनाचा फेरा ठरवताना भाडं जाऊन-येऊन धरतात. लांबच्या भाड्याला दिवसाचं किमान रनिंग, म्हणजे किमान किती किलोमीटरचे पैसे द्यायचे ते ठरलेलं, ड्रायव्हर भत्ता वेगळा, टोल गिऱ्हाइकाचा. पुण्याला जाताना सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस असे चार नाके लागतात. गाडी परत रिकामी आली तर ते पैसे कोण देणार, हे निघण्याआधीच बोललेलं असतं. ॲपवर बोलायला समोर कुणी नसतं.

सरकार पुन्हा यात उतरलं ते अलीकडे. केंद्राच्या नोव्हेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत भाड्यातला किमान ८० टक्के वाटा चालकाचा असावा असं आलं. पुण्याच्या प्राधिकरणाने जानेवारी २०२४ मध्ये वातानुकूलित कॅबसाठी पहिल्या दीड किलोमीटरला ३७ आणि पुढे किलोमीटरला २५ रुपये दर ठरवला. कंपन्यांनी तो लावला नाही म्हणून चालक संपावर गेले. वर मांडलेली बेरीज पाहता २५ चा आकडा हावरट म्हणता येत नाही. मे २०२५ मध्ये राज्याचं ॲग्रीगेटर, म्हणजे ॲपवाल्या कंपन्यांसाठीचं धोरण आलं, त्यातही ८० टक्क्यांची अट आहे.

दरम्यान कंपन्यांनी कमिशनची पद्धतच सोडायला घेतली. रिक्षापासून सुरुवात होऊन आता कॅबमध्येही रोजची किंवा आठवड्याची ठरावीक फी भरायची आणि भाडं पूर्ण आपलं ठेवायचं, अशी सदस्यता पद्धत पसरते आहे. चांगला धंदा करणाऱ्याला ती फायद्याची. ज्याची बोहनी दुपारपर्यंत होत नाही, त्याच्यासाठी फी आधी आणि भाडं मागून. म्हणजे रोजावरची रिक्षा पुन्हा आली म्हणायची, फक्त या वेळी गाडी, विमा आणि गॅरेजचं बिल रोज भरणाऱ्याचंच आहे.