षड्जातली ऊब आणि घरातले रेकॉर्डिंग

परळसारख्या भागातील दहा बाय बारा फुटांच्या खोलीत, पंखा बंद करून आणि लोकलची धडधड थांबण्याची वाट पाहून रेकॉर्ड केलेले गाणे हेडफोनवर पातळ आणि टोचरे लागते, त्यात ऊब नसते, आणि त्याचा दोष बहुधा डिजिटल तंत्राच्या माथी मारला जातो. आवाजाचे नमुने घेताना मधला भाग गळून जातो, अशी समजूत त्यामागे असते. ती चुकीची आहे. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले, तर २२,०५० हर्ट्झच्या (सेकंदाला तितक्या कंपनांच्या) खालचा सर्व ध्वनी त्यांतून सलग तरंगाच्या रूपात पुन्हा उभा करता येतो, हे अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या सिद्धतेवरून स्पष्ट आहे; माणसाचा कान तर सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतच ऐकतो.

मग ऊब म्हणजे काय? तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावली, की तीच तार भरून बोलू लागते, कारण घोडीच्या वक्र पृष्ठभागाला घासत कंप पावणाऱ्या तारेतून उपस्वरांचा, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींत येणाऱ्या सुरांचा, दाट समूह उमटतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली याच गुणाचा अभ्यास मांडला होता. काळी एकचा (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) मंद्राकडचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा धरला, तर त्याचा दुसरा उपस्वर २७७ हर्ट्झवर, म्हणजे वरच्या षड्जावर येतो आणि तिसरा ४१६ हर्ट्झवर, म्हणजे त्यापुढच्या पंचमावर. आवाज उबदार वाटतो तो मुख्यतः या खालच्या उपस्वरांचे वजन टिकून राहिल्यामुळे आणि अगदी वरच्या कंप्रतांची (जास्त हर्ट्झच्या ध्वनींची) धार थोडी बोथट झाल्यामुळे.

हे वजन आपल्या घरांत बहुधा माईकपर्यंत पोहोचण्याआधीच हरवते. भिंतीवरून परतणारा आवाज थेट आवाजापेक्षा १.२ मीटर जास्त अंतर कापून आला, तर तो साडेतीन मिलिसेकंद मागे पडतो आणि १४५ हर्ट्झच्या आसपासचा ध्वनी काही अंशी पुसून टाकतो; काळी एकचा षड्ज नेमका त्याच परिसरात आहे. लादी आणि उघड्या भिंतींवरून येणाऱ्या वरच्या कंप्रता मात्र तशाच चरचरत राहतात. जाड गोधडी भिंतीपासून वीतभर अंतर सोडून टांगली, तर ही चरचर बरीच शमते. खालच्या कंप्रता गोधडी शोषत नाही, त्यांच्यासाठी बसण्याची जागा बदलणे आणि माईक जवळ घेणे हाच उपाय आहे. एका दिशेचा आवाज टिपणारा माईक तोंडापासून वीतभर अंतरावर आणला की खर्ज आपोआप वाढतो, आणि तो थोडा तिरका ठेवला की ‘स’, ‘श’ यांचा फुत्कार कमी होतो. माझ्या मते कोणतेही प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम) विकत घेण्यापूर्वी एक संध्याकाळ या जागा शोधण्यात घालवावी.

त्यानंतरच सॅच्युरेशनचा, म्हणजे मुद्दाम उपस्वर मिसळून आवाज भरदार करण्याचा, विचार करावा. व्हॉल्व्हचे (काचेच्या निर्वात नळीचे) साधे एकेरी ॲम्प्लिफायर प्रामुख्याने दुसरा उपस्वर, म्हणजे षड्ज गाताना वरचा षड्ज, मिसळतात. चुंबकीय टेप प्रामुख्याने तिसरा, म्हणजे त्याच षड्जाचा पंचम, मिसळते, शिवाय आवाजाची टोके हळुवारपणे दाबते. डिजिटल पातळी मर्यादेबाहेर गेली, तर टोके सपाट कापली जातात आणि त्यातून कर्कश उपस्वर निघतात, म्हणून २४ बिटमध्ये रेकॉर्ड करताना टोके उणे १२ डेसिबलच्या, म्हणजे त्या मर्यादेच्या १२ डेसिबल खाली, आसपास ठेवावीत. टेपची नक्कल करणाऱ्या प्लगइनमध्येही एक अडचण संभवते: ५,००० हर्ट्झच्या ध्वनीचा सातवा उपस्वर ३५,००० हर्ट्झवर पडतो, तो ४४,१००च्या नोंदीत मावत नाही आणि दुमडून ९,१०० हर्ट्झवर येतो, जो कोणत्याही अर्थाने सुरात नसतो. ओव्हरसॅम्पलिंगची, म्हणजे प्रक्रियेपुरते जास्त नमुने वापरण्याची, सोय असेल, तर ती चालू ठेवल्याने हा बेसूर अंश बराच कमी होतो.

सॅच्युरेशन लावलेला आणि न लावलेला आवाज ताडून पाहताना दोन्हींची पातळी कानाला सारखी करून घ्यावी, कारण जरासा मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक भरदार वाटतो.